मातीचं माप

डोंगरावरची माती दव सुकायच्या आत आणायची असते, म्हणून थोआ उजाडता उजाडता निघाली. खांद्यावर कावड, कावडीला दोन टोपल्या, आणि मागोमाग पाहुणा.

पाहुण्याचं नाव किएन. तो हनोईचा. चार दिवसांपूर्वी लाँचमधून ली सन बेटावर उतरला, तेव्हा पोटातलं सगळं समुद्राला देऊन आला होता आणि तरी हसत होता. थोआ आपल्या घराची पुढची खोली पाहुण्यांना द्यायची. इतर पाहुणे डोंगरमाथ्यावर चढायचे, फोटो काढायचे, समुद्रशेवाळाची कोशिंबीर खायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. हा मात्र कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसे आणि विचारत राही, हे तुमच्यात कसं करतात, ते कसं करतात. वय चोवीस, पण जुन्याची ओढ सत्तरीच्या माणसाला असावी तशी.

"ताई, कावड मी घेऊ का?"

"घे की. मग येताना मी माती पण आणीन आणि तुला पण."

तो हसला. वाटेच्या दोन्ही अंगांना लसणाची काढणी चालली होती. पांढऱ्या वाळूतून उपटलेल्या जुड्या बांधावर पसरल्या होत्या आणि वाऱ्यालासुद्धा लसणाचा वास होता. बेटावरच्या माणसांना तो वास येत नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसंच ते.

उतारावर थडगी होती. काही जुनी, नुसते वाळूचे उंचवटे. किएन त्यांच्याजवळ थांबला.

"यांनाच वाऱ्याच्या कबरी म्हणतात ना? समुद्रात गेलेल्यांच्या? पण देह सापडलेलाच नसतो, मग आत काय असतं?"

"माणूस असतो," थोआ म्हणाली. "आपण आत्ता तोच तर न्यायला आलोय." आणि तिने थडग्यांपलीकडच्या मातीत कुदळ मारली.

तिच्या मोठ्या भावाचं नाव लाम. एकोणीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी, तो माकूळ धरणाऱ्या होडीवर गेला. होडी परत आली नाही. समुद्रात गेलेल्याचा मृत्यूचा दिवस कुणाला ठाऊक नसतो, म्हणून तो घरातून निघाला तोच दिवस बेटावर धरतात. होडीवरच्या बाकीच्या सहा जणांच्या कबरी त्याच वर्षी झाल्या. लामची झाली नाही. आईने करू दिली नाही. "कबर बांधली की वाट बघणं संपलं," ती म्हणायची. दर वर्षी त्या दिवशी ती त्याचं ताट वाढायची, पण उदबत्ती लावायची नाही; ती गेलेल्यांना लावतात. त्या वाट बघण्यात थोआने आलेली दोन स्थळं परत पाठवली.

यंदा आईला जिना चढताना धाप लागायला लागली. एका सकाळी ती आपण होऊन म्हणाली, "मी गेले तर याची वाट कोण बघेल? बोलाव दान्हला. मी आहे तोवर त्याला घरी आणू."

दान्हकाका म्हणजे समुद्रात हरवलेल्यांचे पुरण्यासाठी मातीचे देह घडवणारे. ते काम आता त्यांना एकट्यालाच येत होतं. माती घेऊन थोआ परतली, तेव्हा ते अंगणात तुतीच्या फांद्या सोलत बसले होते.

"हाडं," त्यांनी किएनला सांगितलं. "फासळ्या पुरुषाला सात, बाईला नऊ. बघतोस काय, बस. मातीत कापूस कालव. हनोईची माणसं हात लावायच्या आधी मातीची पण परवानगी मागतात काय?"

किएन गडबडीने बसला. कालवता कालवता कोपरापर्यंत माखला. आतून आई काठी टेकत आली.

"लग्न झालंय का रे तुझं?"

"नाही, आजी."

"मग आवाज असा बायकोने टाकल्यासारखा का?"

दान्हकाका खो खो हसले. मग त्यांनी विचारलं, "लामची आई, उंची किती होती पोराची?"

लामचा फोटो होता तो ओळखपत्राचा, नुसत्या तोंडाचा. कपड्यांत एकच सदरा उरलेला, बाकीचे वाळवीने खाल्लेले. दारात उभा राहिला की त्याचे केस चौकटीला लागायचे, असं आईला आठवत होतं. पण ती चौकट वादळात गेली होती आणि नवी किती उंच बसवली ते कुणी मोजलं नव्हतं. आई चाचपडत किएनकडे गेली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिने त्याच्या खांद्यांवर हात ठेवले, मग डोक्यावर.

"एवढा," ती म्हणाली. "बरोब्बर एवढाच होता."

"माझं माप घ्या ना," किएन म्हणाला. "मला काहीच हरकत नाही."

दान्हकाकांनी हातातली फांदी खाली ठेवली. "घेता येतं तसं. पण थोआ, नीट ऐक. जिवंत माणसाचं माप घेतलं तर त्यात एक बोट कमी करायचं. देह त्याच्याहून एक बोट आखूड व्हायला हवा. येणाऱ्याला कळलं पाहिजे, आपलं घर कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं. विसरू नको."

किएन आत जाऊन चटईवर उताणा पडला, हात अंगाला लावून. थोआने त्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत सुतळी धरली. ती एक बोट मागे सरकवून गाठ मारणार, तेवढ्यात सुतळी चाचपणाऱ्या आईने तिचं मनगट धरलं.

"नको."

"काकांनी सांगितलंय, आई."

"एकोणीस वर्षं पाण्यात आखडून पडलाय गं तो. मातीत तरी पाय पसरू दे."

एक बोट म्हणजे केवढं? कांदा चिरताना त्याहून जास्त फेकून देतो माणूस. थोआने पूर्ण मापावर गाठ मारली. अंगणात दान्हकाकांनी विचारलं, "कमी केलंस?" आणि ती म्हणाली, "हो."

दुपारपर्यंत देह झाला. पुढच्या खोलीत, पितरांच्या देवघरासमोर, चटईवर निजवलेला. डोक्याच्या जागी करवंटी, तिच्यावर मातीचं नाक, मातीच्या मिटलेल्या पापण्या. वरून अंड्याचा बलक फिरवलेला, त्यामुळे ओल्या मातीला कातडीसारखा रंग आला होता. छातीवर लामचा सदरा. दान्हकाका शंख घेऊन किनाऱ्यावर लामच्या जिवाला हाक मारायला गेले. किएन थकून मागच्या पडवीत जाळीच्या झुल्यात झोपला. थोआ चुलीपाशी होती.

शंख वाजला. मग वाऱ्यावरून हाक आली. लाम... लाम रे... घरी ये...

तिसऱ्या हाकेनंतर वारा पडला. नारळाच्या झावळ्या जागच्या जागी थांबल्या. आणि थोआला पहिल्यांदा जाणवलं की लसणाचा वास येत नाहीये. जन्मापासून नाकात असलेला, म्हणून कधीच न जाणवलेला वास नाहीसा झाला होता. त्याच्या जागी दुसराच वास होता, खूप दिवस बंद असलेल्या होडीच्या तळातला, ओल्या लाकडाचा आणि कुजक्या दोराचा.

मागच्या पडवीत झुला करकरला. अनवाणी पावलं आली. तिने वळून पाहिलं नाही, कारण चुलीवरचं मासळीचं कालवण उतू जात होतं.

"झाली झोप?" तिने विचारलं.

पाण्याचा आवाज आला. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आड, जुना रांजण होता. त्यातलं पाणी फक्त घरचेच प्यायचे, पाहुण्यांना तो माहीतसुद्धा नव्हता. कुणीतरी त्यातून करवंटीने पाणी घेतलं, दोन घोट प्यालं आणि उरलेलं पायावर ओतलं.

थोआ वळली. किएन उभा होता. केस ओले, कपाळाला चिकटलेले. त्याने तिच्याकडे अगदी मायेने पाहिलं, जसं घरातलं लहान माणूस खूप मोठं झालेलं दिसल्यावर बघतात.

"तू किती वाळलीस गं," तो म्हणाला.

चार दिवस तो तिला अहो-जाहो करत होता.

मग तो पुढे गेला, उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेल्या आईजवळ टेकला आणि समोरच्या जुडीतला लसूण डाव्या हाताने सोलायला लागला. आईचे हात थांबले. तिने मान वाकडी करून कानोसा घेतला. लसूण सोलताना तो पाकळी अंगठ्याने टचकन मोडत होता. दर पाकळीला एकदा. टच... टच...

"लाम?" आई इतक्या हळू म्हणाली की ते ओठांवरच राहिलं.

"हो आई."

थोआच्या हातातली पळी गळून पडली. आईने ना किंकाळी फोडली, ना रडली. तिने फक्त जवळची भाताची वाटी पुढे सरकवली, जणू तो सकाळी जाऊन दुपारी आला होता. "जेव," ती म्हणाली. "गार झालंय."

तो जेवायला लागला. प्रत्येक घासाबरोबर कच्च्या लसणाची पाकळी. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "केवढा गार पडलायस," ती म्हणत होती. "केवढा गार..."

तेवढ्यात किएनचा फोन वाजला. झुल्यातच राहिला होता. जेवणाऱ्याने त्या आवाजाकडे मानही वळवली नाही. थोआने धावत जाऊन उचलला.

"कोण, थोआ का? मी किएनची आई बोलते, हनोईहून. सकाळपासून पोरगा फोन घेत नाही गं. बरा आहे ना?"

"आहे... जेवतोय."

"जेवतोय ना? मग ठीक. तेवढा लसूण घालू नकोस हं त्याच्या ताटात. अगदी लहानपणापासून त्याच्या अंगावर पित्त उठतं. लाजाळू आहे, स्वतः सांगायचा नाही. तुमच्या बेटावर सगळ्यात लसूण असतो म्हणे, म्हणून आपलं..."

"नाही घालत," थोआ म्हणाली. उंबऱ्यावर तो दहावी की अकरावी पाकळी चावत होता, आणि त्याचा गळा, हात, गाल अगदी नितळ होते.

फोन ठेवून ती पुढच्या खोलीत गेली. मातीचा देह तसाच निजला होता. तिने सदऱ्याखाली हात घातला आणि झटकन काढला. परत घातला. माती ऊबदार होती. ताप आलेल्या पोराच्या छातीसारखी. आणि मानेच्या खोलगटात काहीतरी हळूहळू उडत होतं.

दान्हकाका परतले तेव्हा ऊन कलंडलं होतं. त्यांनी उंबऱ्यावर पाहिलं, मग आत जाऊन देहाशेजारी बसले आणि वितीने मोजलं. डोक्यापासून टाचेपर्यंत. त्यांचा हात टाचेवर थांबला.

"कमी नाही केलंस."

थोआने मान खाली घातली.

"तो आला. बरोबर आला. पण इथे एका मापाची दोन घरं, एकाला श्वासाचं दार आणि एकाला खिडकीसुद्धा नाही. कशात शिरेल तो?" ते पुटपुटले. "आणि तो झुल्यातला बिचारा... त्याला जागा राहिली नाही, म्हणून तो या मातीत." त्यांनी आईकडे पाहिलं. "लामची आई, सूर्य बुडायच्या आत देह पुरायला हवा. ऊब ज्यात आहे तो मातीत जाणार. जो गार आहे तो घरात राहणार. आत्ता पुरलं तर काय होईल, ते तुला सांगायला नको."

"उद्या पुरला तर?" थोआने विचारलं.

"रात्रीत माती वाळेल. वाळलेल्या मातीतून कुणी परत निघत नाही. आत्ताच टाचेला एक बोट कापलं तर दोघं आपापल्या जागी जातील. पण ते मी नाही कापू शकत. माप ज्याच्या मायेने वाढलं, त्यानेच ते कमी करायचं असतं."

आई उठली नाही. तिने आपली बोटं त्याच्या ओल्या केसांत तशीच ठेवली.

"मी कुणाचं काही चोरलं नाही," ती म्हणाली. "त्याचा तो आलाय. एकोणीस वर्षं मी कुणाकडे काही मागितलं का? आज घरी आलेल्याला हाकलू?"

बाहेर सावल्या कुंपणापर्यंत गेल्या. दान्हकाकांनी शंख मांडीवर घेतला आणि नुसते धरून बसले.

"आई," थोआ म्हणाली. "मघाशी फोन आला होता."

"कुणाचा?"

"याच्या आईचा. त्याच्या ताटात लसूण घालू नको म्हणत होती. अंगावर पित्त उठतं म्हणाली."

आईचा हात केसांत थांबला. बराच वेळ ती समोर बघत राहिली, जिथे तिला फक्त उजेड आणि काळोख एवढंच दिसायचं. मग तिने चाचपून त्याच्या हातातली पाकळी काढून घेतली.

"थंडी वाजायची का रे तिकडे?" तिने विचारलं.

"आधी वाजायची. मग सवय झाली."

"एकटा होतास?"

"नाही. सगळे होतो. मग एकेक जण घरी गेला. मी राहिलो. हाक यायची नाही माझ्या नावाची."

आईने डोळे मिटले. "मी मारली नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, हाक मारली की तू मेलास असं होईल. चुकलं माझं."

"आता आलो ना. राहू का?"

"राहा की. पण इथे नको. हे कपडे कुणाचे तरी आहेत, राजा. त्या माउलीने ते वाढवलेत." तिने त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि आत नेलं. "तुझ्यासाठी मी हे करून घेतलंय. डोंगरावरच्या मातीचं. समुद्राकडे तोंड करून ठेवू. मी पण येतेय थोड्या दिवसांत, शेजारीच."

तो चटईजवळ बसला. मातीच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं. "मोठं झालं थोडं," तो म्हणाला आणि हसला.

"माझीच हौस. थोआ, सुरी दे."

लसणाची मुळं कापायची छोटी सुरी होती. आईने मातीची टाच चाचपली, एक बोट मोजलं आणि सुरी टेकवली.

"आई... दुखतंय."

"माहीत आहे. थोडंच. झालं हं... झालंच."

एवढंसं बोलत तिने दोन्ही टाचा उतरवल्या. शेवटच्या तुकड्याबरोबर त्याने लांब श्वास सोडला आणि तो तिच्या मांडीवर कलला. घरात वारा शिरला. त्याबरोबर लसणाचा वास भसकन आला, आणि तो थोआला आयुष्यात पहिल्यांदा आला, डोळ्यांत पाणी आणणारा. तिने मातीला हात लावला. गार. नुसती गार माती.

मांडीवरच्या पोराच्या गळ्यावर एक लाल गांध उठली. मग दुसरी. बघता बघता त्याचा चेहरा, कान, दंड सगळे सुजून लाल झाले, आणि तो खाजवत, कण्हत जागा झाला. "ताई... मी काय खाल्लं हो?"

पित्त उठलेलं पाहून कुणाला इतका आनंद झाला नसेल. थोआ हसत होती आणि रडत होती आणि त्याच्या अंगाला चुन्याची निवळी लावत होती.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा चार शेजाऱ्यांनी लामला उचललं. दान्हकाकांनी शंख फुंकला. आईने पहिल्यांदाच त्याच्यासाठी उदबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी किएन निघाला. त्याला काही आठवत नव्हतं, फक्त खूप खोल झोप लागली होती आणि झोपेत कुणीतरी हात लावून बघत होतं, एवढंच. धक्क्यावर त्याने आईला वाकून नमस्कार केला. "पुढच्या वर्षी येईन आजी." आईने डाव्या हाताने त्याचं डोकं चाचपलं. तिची उजवी मूठ मिटलेली होती.

आता तो दर रविवारी फोन करतो. आईची चौकशी करतो, लसणाचा भाव विचारतो, आपल्या आईचा निरोप सांगतो. बोलतो अगदी पहिल्यासारखा, लाजत, अडखळत, "ताई, तुम्ही" करत. चालताना जरा पाय जड वाटतो म्हणाला एकदा, बाकी तब्येत उत्तम.

परवाच्या रविवारी त्याचा फोन आला तेव्हा जेवणं होऊन आई आडवी झाली होती. थोआने फोन खांद्यावर कानाशी धरला आणि आईच्या अंगावरची चादर सारखी केली. तेव्हा तिला ती मूठ दिसली. झोपेत सैल पडलेली. आत मातीचे दोन तुकडे होते, टाचेचे, एका बोटाएवढे. त्या दिवसाला महिना होऊन गेला होता. या बेटावरच्या उन्हात भिजलेलं पोतं तासात वाळतं.

माती ओली होती.

फोनमध्ये किएन हनोईच्या पावसाबद्दल सांगत होता. थोआने एक बोट पुढे केलं आणि एका तुकड्यावर हलकेच दाबलं. ऊबदार होता तो, आणि दाबाखाली जिवंत टाचेसारखा जरासा दबला.

पलीकडचं बोलणं थांबलं.

"थोआ," तो म्हणाला. शांत, ओळखीच्या, मोठ्या भावाच्या सुरात. "दाबत राहा गं जरा. बरं वाटतंय."

आई झोपेत हसली. थोआने बोट काढून घेतलं नाही.